उजव्या पायाचा दिवा

अबोला धरायचाच असेल तर माणसाने तो घरात धरावा. घरात भांडी असतात, ती आपटता येतात. दारं असतात, ती धाडकन लावून घेता येतात. विमानांच्या हँगरमध्ये तसली काही सोय नाही. तिथलं दार ट्रकपेक्षा मोठं, ते लोटायला दोन माणसं लागतात, आणि एकमेकांशी बोलणं टाकलेली दोन माणसं मिळून दार कसं लोटणार? राहता राहिले पाने. पाना आपटला की त्याचा आवाज पत्र्याच्या छपराला लागून परत खाली येतो, म्हणजे एकच राग दोनदा ऐकायचा.

टकळीला हे सगळं पाठ झालं होतं. अप्पा आणि ताईमध्ये बिनसल्यापासून घरात काय नि हँगरमध्ये काय, बोलणारी ती एकटीच उरली होती. तशीही ती सगळ्यांच्या वाटणीचं बोलायचीच. तिचं नाव टकळी काही उगाच पडलं नव्हतं.

अप्पा, म्हणजे दोघींचे वडील, विमानांचे मेकॅनिक. त्या छोट्याशा विमानतळावर, म्हणजे एक धावपट्टी, एक हँगर आणि वायरलेसची एक खोली एवढ्याच पसाऱ्यात, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ताई पायलट. आणि ज्या विमानावर दोघांचं पोट होतं ते होतं मालकांचं. मालक कारखानदार माणूस, त्यांनी विमान घेतलं हौसेने, चालवायला शिकायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी पोट बिघडल्याचं सांगून घरी आले ते आलेच. तेव्हापासून विमान सांभाळायचं अप्पांनी, उडवायचं ताईने आणि मागे बसून खिडकीतून बघायचं मालकांनी. चार माणसांचं, एका इंजिनाचं ते विमान अप्पांपेक्षा वयाने थोडंच लहान होतं. घरात त्याला म्हातारी म्हणत.

म्हातारीला तीन पाय. एक नाकाखाली, दोन पंखांखाली. उडाली की ती पाय पोटात घ्यायची आणि उतरायच्या आधी बाहेर काढायची. पाय पुरता बाहेर येऊन जागेवर घट्ट अडकला की पायलटच्या समोर एक हिरवा दिवा लागायचा. तीन पाय, तीन दिवे. ताई त्यांना पोपट म्हणायची. "तिन्ही पोपट बसले, उतरते," असं ती वायरलेसवर म्हणाली की खाली सगळे आपापल्या कामाला लागत.

त्यातला उजव्या पायाचा पोपट आळशी होता. त्याचा होल्डर ढिला झाला होता. बल्ब चांगला, तोच बल्ब डाव्या होल्डरमध्ये घातला की लख्ख पेटायचा, पण उजव्यात कोणताही घाला, मनात आलं तर पेटणार, नाहीतर नाही. ताई नखाने टिचकी मारायची. पेटला तर पेटला. पाय मात्र दर वेळी नीट बसलेला असायचा, त्यामुळे मग टिचकीही बंद झाली. "दोन बसले, तिसरा नेहमीसारखा झोपलाय," असं ती सांगायची आणि खुशाल उतरायची. अप्पांनी नवीन होल्डर मागवला होता, पण म्हातारीचे सुटे भाग मिळवायचे म्हणजे आधी ते बनवणारी माणसं अजून जिवंत आहेत का इथपासून चौकशी.

आणि अप्पांचा एक नियम होता. विमानाला हात लावला की काय केलं ते तोंडाने सांगायचं. कागदपत्रं होती, ती मालकांच्या ऑफिसात जायची. ताईने ती कधी उघडली नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती. उडायच्या आधी अप्पा पंखावर तळहात ठेवून उभे राहत, समोर ताई. अप्पा एकेक काम सांगत, अगदी स्क्रू पिळला असला तरी. सांगून झालं की ताई म्हणायची, "ऐकलं." मग किल्ली तिच्या हातात. "ऐकलं" नाही तर किल्ली नाही. एकदा मालकांना घाई होती, ते मध्येच म्हणाले, "मिस्त्री, द्या हो किल्ली, ती काय परकी आहे का?" अप्पा म्हणाले, "परकी असती तर नुसती किल्ली दिली असती."

आता बिनसलं कशावरून ते सांगायला हवं. एका दुपारी आडवा वारा होता आणि ताई उतरताना म्हातारी उजव्या पायावर जोरात आदळली. धावपट्टीच्या कडेला मालक आणि त्यांचे पाहुणे उभे. ताई खाली उतरते न उतरते तोच अप्पा म्हणाले, "पाय म्हणजे काय पहार वाटली का, जमिनीत ठोकायला?"

एरवी ताई हसली असती. पण पाहुणे हसले आणि तिचे कान तापले.

"पाय नीट बसवलेले असते," ती म्हणाली, "तर ठोकले गेले नसते."

झालं. एवढंच. त्यानंतर अप्पांनी म्हातारीला जॅकवर चढवलं, उजवा पाय बॅटरीच्या उजेडात इंच न् इंच बघितला आणि काही सापडलं नाही. पुन्हा एकदा बघायला हवं होतं, असल्या दणक्यानंतर ते दोनदा बघायचेच. पण पुन्हा जॅकवर चढवायचं म्हणजे स्वतःच्याच कामावर शंका घ्यायची, आणि तीही ताईच्या देखत. त्यांनी जॅक कोपऱ्यात सारला.

मग टकळीचं टपाल सुरू झालं. अप्पा पंखाच्या एका टोकाला, ताई दुसऱ्या टोकाला, मध्ये ही.

"तिला म्हणावं, ब्रेक जरा जपून दाब, टायर काही झाडाला लागत नाहीत."

टकळी चार पावलं चालून ताईकडे. "अप्पा म्हणतात ब्रेक छान झालेत, सांभाळून जा."

"टायरबद्दल काही बोलले नाहीत?"

"बोलले. प्रेमाने बोलले."

"खोटारडी. ऐकलं म्हणून सांग जा."

टकळी परत अप्पांकडे. "ऐकलं म्हणाली. आणि जेवून घ्या म्हणाली."

"जेवणाचं ती म्हणाली का तू?"

"आम्ही दोघी."

पहिले काही दिवस तिला यात मजा आली. आपण नसतो तर या घराचं काय झालं असतं, असं वाटून छाती फुगायची. मग कंटाळा यायला लागला. आई तिला म्हणायची, "तू आहेस म्हणून त्यांचं चाललंय. तू मध्ये नसतीस तर दोन दिवसांत बोलले असते." आई शाळेच्या ऑफिसात काम करायची आणि तिचं म्हणणं सहसा खरं निघायचं. टकळीच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

त्याच आठवड्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली. आजवर वर्गात बडबड केल्याबद्दल बाकावर उभी राहणारी मुलगी स्टेजवर उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती ताईचं चामड्याचं जाकीट घालून फिरायला लागली. ताईने दिलं नव्हतं, पण काढून घे असंही म्हणाली नव्हती. त्या जाकिटात खांदे आपोआप ताठ व्हायचे. जगातलं एकही भांडण आपल्याला मिटवता येणार नाही असं तिला वाटेना.

तेव्हा तिने ठरवलं, टपाल बंद.

टपाल बंद करायच्या आदल्या संध्याकाळी नवीन होल्डर आला होता. अप्पा म्हातारीच्या आत आडवे पडून तो बसवत होते आणि टकळीने बॅटरी धरली होती. "इकडे धर. माझ्या डोळ्यात नको, दिव्यावर," अप्पा चारदा म्हणाले. शेवटी उजवा पोपट पेटला, न टिचकता. अप्पांनी दहा वेळा बटण बंद-चालू केलं, दहाही वेळा पेटला. "आता हा खोटं बोलणार नाही," ते म्हणाले.

सकाळी ताई मालकांना शेजारच्या शहरात सोडून दुपारी एकटी परतणार होती. मालक गाडीत फोनवर बोलत बसले होते. अप्पांनी पंखावर हात ठेवला. ताई विमानाच्या नाकाशी, पुढच्या पंख्याचं पातं बोटाने चाचपत. मध्ये टकळी, पाठीला दप्तर, अंगात जाकीट. किल्ली अप्पांनी अबोल्यात लागलेल्या सवयीने आधीच टकळीच्या हातात दिलेली.

"सांग तिला," अप्पा म्हणाले, "तेल भरलंय. डाव्या टायरात हवा भरलीय. आणि..."

"मी नाही सांगणार."

"काय?"

"आजपासून टपाल बंद. ती तिथे आहे, तुम्ही इथे आहात, मध्ये फक्त एक पंख आहे. बोला."

अप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं. "बक्षीस काय मिळालं, डोक्यात हवा गेली वाटतं."

"गेली असेल. तुमच्या डोक्यात किती दिवस आहे, ती आधी सोडा."

नाकाशी ताई फिसकन हसली. अप्पांनाही हसू येत होतं, टकळीने ते मिशीत बघितलं. आता, आता होणार, असं वाटून तिने किल्ली पंखावर ठेवली, दोन पावलं मागे गेली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. स्टेजवर उभी राहिली होती तशी.

तेवढ्यात कोपऱ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला. टाकीतली हवा कमी झाली की तो आपला आपण सुरू व्हायचा आणि मग कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. अप्पांचं हसू गेलं. त्यांनी मान खाली घातली आणि टायरकडे बघत, टायरलाच सांगितल्यासारखं म्हटलं, "उजव्या दिव्याचा होल्डर बदललाय."

टकळी त्यांच्या जवळ होती, तिला ओठांवरूनच कळलं. ताई नाकापलीकडे होती. ताई आली, तिने पंखावरची किल्ली उचलली, एकदा अप्पांकडे बघितलं. ते टायरकडे बघत होते. "ऐकलं" म्हणायला त्यांनी लावलं नाही, तीही म्हणाली नाही. ती वर चढली.

टकळीचा एक पाय पुढे पडला होता. मग तिने तो मागे घेतला. पहिल्याच दिवशी संप मोडला तर तो संप कसला? आणि एका दिव्याचं काय एवढं, आता तो नीट पेटेल, तर ताईला दिसेलच की. म्हातारी घरघरत धावपट्टीकडे निघाली आणि टकळी शाळेला.

दिवा नीट पेटला होता. ताईला दिसलाही असणार. पण तो तसा अधूनमधून पेटायचाच.

दुपारी शाळा सुटल्यावर टकळी वायरलेसच्या खोलीत येऊन बसली. ती खोली भोंगाकाकांची. विमानांशी बोलायचं काम त्यांचं, आणि आवाज असा की वायरलेस बिघडला तरी अडणार नाही, असं सगळे म्हणत. ते चष्म्याच्या तुटलेल्या काडीला तार गुंडाळत होते.

"काय म्हणतं तुमच्या घरचं युद्ध?" त्यांनी विचारलं.

"आज संपेल. मी मधून बाजूला झाले."

"शाबास. मी माझ्या भावाशी असाच बोलत नव्हतो. पुढे आम्ही दोघंही विसरलो कशावरून ते. मग नव्याने भांडलो."

टकळी हसत असतानाच वायरलेस खरखरला आणि ताईचा आवाज आला. स्वच्छ, निवांत, घरी येणाऱ्या माणसाचा असतो तसा. "आले. पाय बाहेर काढलेत. दोन पोपट बसले, तिसरा नेहमीसारखा झोपलाय. उतरते."

"ये," भोंगाकाका म्हणाले आणि पुन्हा तारेकडे वळले.

टकळीच्या हातातली पेन्सिल थांबली. नेहमीसारखा. बॅटरीच्या उजेडातले अप्पांचे हात तिला दिसले, बंद-चालू, बंद-चालू. खिडकीतून म्हातारी दिसत होती, धावपट्टीच्या टोकाशी, खाली खाली येत असलेली. तिने भोंगाकाकांच्या समोरून माइक ओढला. काडी, चष्मा, तार सगळं जमिनीवर.

"ताई, उतरू नकोस. वर जा. तो होल्डर बदललाय. दिवा खरा आहे, ताई, दिवा खरं सांगतोय, पाय बसलेला नाही. वर जा."

म्हातारी खाली येतच होती. मग इंजिनाचा आवाज वाढला, नाक वर झालं आणि ती खिडकीवरून इतक्या जवळून गेली की काचा थरथरल्या.

वायरलेस पुन्हा खरखरला.

"कधी बदलला?" ताईने विचारलं.

"काल."

"मला कोणी सांगितलं नाही."

भोंगाकाका दारातून हँगरकडे बघून ओरडले, "मिस्त्री," आणि त्या एका हाकेत काय होतं कोण जाणे, अप्पा हातातला पाना तसाच घेऊन धावत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरची दुर्बीण काढली आणि बाहेर गेले.

ताईने म्हातारी धावपट्टीवरून खालून नेली, अप्पांना पाय दिसावेत म्हणून. पंखांखालचे पाय पायलटला दिसत नाहीत, ते खालच्या माणसानेच बघावे लागतात. अप्पा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"उजवा पाय बाहेर आलाय, पण लटकतोय," ते म्हणाले. "वाऱ्याने हलतोय." आणि मग टकळीकडे वळून, "तिला सांग, पाय परत..."

ते थांबले. टकळीने माइक त्यांच्यापुढे धरला. तो अप्पांच्या शर्टाच्या बटणावर टक्कन वाजला.

अप्पांनी तो घेतला. "मी बोलतोय," ते म्हणाले.

"बोला अप्पा."

"पाय तिन्ही आत घे. पोटावर उतरव."

"पोटावर उतरवली तर म्हातारी गेली. पंखा, इंजिन, सगळंच."

"जाऊ दे."

"अप्पा, मी दोन पायांवर..."

"जाऊ दे म्हटलं ना. म्हातारीचं मला काही नाही. पाय आत घे."

त्यांनी वाट बघितली. वर म्हातारी गोल फिरत होती, उन्हात पंख एकदा चमकायचा, एकदा काळा व्हायचा. मग ताई म्हणाली, "दोन आत गेले. उजवा जात नाही. तसाच लटकलाय."

अप्पांनी डोळे मिटले. पोटावर उतरायचं तर तिन्ही पाय आत हवेत. एकच बाहेर लटकत राहिला तर तो जमिनीत रुतून विमान फिरवणार. त्यांनी तिला दोन पाय पुन्हा बाहेर काढायला लावले. मग पंख डावी-उजवीकडे झुलवायला सांगितले, झटक्याने पाय जागेवर बसतो का बघायला. नाक वर, नाक खाली. पुन्हा झुलव. दर वेळी ताई म्हणायची, "नाही." तिच्या आवाजात चिडचिड नव्हती, भीतीही नव्हती. टकळीला तेच सहन होईना.

"अजून एकदा बघ," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पेट्रोल संपत आलंय."

भोंगाकाकांनी अग्निशमनवाल्यांना आणि रुग्णवाहिकेला आधीच बोलावलं होतं. अप्पांनी माइक दोन्ही हातांत धरला. "मग ऐक. डाव्या चाकावर उतर. उजवा पंख जेवढा वेळ वर धरता येईल तेवढा धर. टेकायच्या आधी इंजिन बंद कर. दार आताच किलकिलं करून ठेव, मध्ये काहीतरी अडकव, नंतर अडकून बसायला नको. पट्टा आवळ. आणि जाकीट दुमडून तोंडासमोर धर, पट्टा फक्त कमरेचा आहे, डोकं पुढे जाईल."

वरून हसल्याचा आवाज आला. "जाकीट टकळीच्या अंगावर आहे."

टकळीने खाली बघितलं. जाकीट तिच्या अंगावर होतं.

"असू दे ग," ताई म्हणाली, जणू ती खोलीतच होती. "नकाशाची पिशवी आहे माझ्याकडे. तीही चालेल." मग क्षणभर थांबून, "अप्पा, सकाळचं राहिलंय. काय काय केलंत ते सांगा."

अप्पांचा डावा हात माइकवरून सुटला. तो उलटा होऊन, तळवा खाली, टेबलावर सपाट टेकला. जणू तिथे पंख होता.

"तेल भरलंय," ते म्हणाले. "डाव्या टायरात हवा भरलीय. उजव्या दिव्याचा होल्डर बदललाय. पुढची काच पुसलीय. उजवा पाय आपटल्यानंतर एकदाच बघितला होता. दुसऱ्यांदा बघितला नाही."

"ऐकलं," ताई म्हणाली.

ती आली ती अगदी अलगद. इतकी सुंदर ती आयुष्यात कधी उतरली नव्हती, भोंगाकाका नंतर सगळ्यांना सांगत. इंजिन बंद झालेलं, पंखा थांबलेला, डावं चाक टेकलं तरी आवाजसुद्धा आला नाही. मग नाकाचं. उजवा पंख वर, वर, म्हातारी एका बाजूला कलून पळतेय, आणि टकळीला वाटलं, झालं, जमलं. मग वेग कमी झाला आणि पंख खाली यायला लागला, हळूहळू, थकल्यासारखा. पाय त्याच्याखाली काडीसारखा दुमडला. पंखाचं टोक जमिनीला लागलं, ठिणग्या उडाल्या, म्हातारी गर्रकन फिरली आणि धावपट्टी सोडून बाजूच्या नाल्याच्या सिमेंटच्या काठावर नाकाने जाऊन आदळली.

आग लागली नाही. दार किलकिलं होतं, त्यामुळे लगेच उघडलं. अप्पा सगळ्यांत आधी पोचले, एवढ्या वयात, एवढं अंतर. टकळी पोचली तेव्हा ते ताईचं डोकं हातांत धरून बसले होते आणि तिच्याशी बोलत होते, सारखं, न थांबता, एवढ्या दिवसांचं साठलेलं. नकाशाची पिशवी खाली पायाशी पडली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिल्या रात्री आई भिंतीला टेकून बसली होती. अप्पा एका बाकावर, टकळी दुसऱ्यावर. जाकीट टकळीने काढून मांडीवर धरलं होतं, कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

"मी सांगितलं असतं तर..." टकळी म्हणाली.

"तू कशाला," अप्पा म्हणाले. "मी तोंड वर करून बोललो असतो तर..."

आईने दोघांकडे बघितलं. "आणि मीच तुला मधून बाजूला हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "एवढी बोलकी माणसं घरात. एक वाक्य पलीकडे पोचलं नाही."

चौकशीला माणसं आली. त्यांनी म्हातारीचे तुकडे मोजमाप करून, फोटो काढून नेले. पायाला आधार देणाऱ्या दांड्यात केसाएवढी चीर होती, ती वाढत जाऊन दांडा तुटला, म्हणाले. चीर त्या दणक्याने पडली की आधीचीच होती, हे आता सांगता येणार नाही. पाय जोरात ठोकला होता की नीट बसवला नव्हता, कोणाचं खरं, ते तसंच राहिलं. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि काही विचारलं नाही. विचारून ज्याच्याशी वाद घालायचा ते माणूस आत खाटेवर होतं.

ताई वाचली. पाय हलतात, हात हलतात, भरवलं की गिळते. बोलत मात्र नाही. डोक्याला ज्या जागी मार लागला तिथेच बोलण्याचं सगळं असतं, डॉक्टर म्हणाले. येईल का परत? येतंही कधीकधी. आपलं बोलणं तिला कळतं का? त्यावर डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "किती कळतं ते सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा."

हे अप्पांना कोणी सांगायला नको होतं.

आता ताई घरी आहे, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. मालकांनी दुसरं विमान घेतलं नाही. अप्पा इतरांची विमानं दुरुस्त करतात. संध्याकाळी घरी आले की हात धुतात, खुर्ची ओढून घेतात आणि खाटेच्या कडेच्या पट्टीवर तळहात ठेवतात. मग सांगतात. पिवळ्या विमानाचं तेल बदललं. क्लबच्या विमानाचा मागचा टायर घातला, चारदा घातला आणि चारदा काढला, मनासारखा बसेना. प्रत्येकाचा प्रत्येक पाय दोनदा बघितला. सगळं सांगून झालं की ते थांबतात आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतात. म्हातारीची किल्ली शर्टाच्या खिशात असते. ती कोणी मागितली नाही आणि त्यांनी कोणाला दिली नाही.

ताई कधी त्यांच्याकडे बघते, कधी खिडकीबाहेर.

परवा टकळीला राहवलं नाही. अप्पा सांगायचे थांबले होते, खोलीत घड्याळ वाजत होतं, आईने वाढून ठेवलेलं निवत होतं. टकळी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. एक शब्द, तोही तिला तोंडपाठ, कितीतरी वेळा तिने तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला होता. तिने तोंड उघडलं.

अप्पांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली. "नको," ते म्हणाले. "तिचं तिला म्हणू दे."

टकळीने तोंड मिटलं. अप्पांचा हात पट्टीवरच होता. बाहेरून एखादं लहान विमान उतरायला चालल्याचा आवाज आला तशी ताईने मान किंचित वळवली, किंवा वळवल्यासारखी वाटली, आणि अप्पा खुर्चीत पुढे सरकले. आवाज लांब गेला, बंद झाला. अप्पा तसेच पुढे झुकून बसून राहिले.